वाट पाहून घ्यावी बाबागाडी



मागच्या पिढीपर्यंत आपल्या गावांत मूल वाढे ते पाळण्यात, झोळीत आणि कडेवर. बाबागाडी पाहावयाची ती शहरातल्या बागेत, नाहीतर चित्रांच्या पुस्तकात. आता तसे राहिलेले नाही. कुणाचा मुलगा गोव्यात कारखान्यात आहे, कुणाचा आखाती देशात आहे, कुणाची लेक पुण्यास दिली आहे. बाळाच्या स्नानसंस्काराच्या निमित्ताने कुणी ना कुणी बाबागाडी घेऊन येतो, किंवा मोबाईलवरून मागवून थेट घरी पोचती करतो. चार दिवस तिचे कौतुक होते. पुढे काही महिन्यांनी मी त्या घरी गेलो म्हणजे हीच गाडी पडवीच्या कोपऱ्यात जुनी चादर पांघरून उभी दिसते. बाळ आईच्या कडेवर असते आणि गाडीत कांद्याची टोपली!

एवढ्या पैशांची वस्तू अशी निकामी का व्हावी, हा आजचा विषय. 'फादरांना बाबागाडीतले काय कळणार?' असे आपण विचाराल, तर तो प्रश्न रास्तच आहे. मला त्यातले काहीही कळत नव्हते, आणि काही न कळताच मी एक बाबागाडी विकत घेतली. तिच्यापायी जी फजिती झाली ती सांगितल्यावाचून पुढील सल्ला देण्याचा मला अधिकार पोचत नाही.

आमचा धर्मग्राम खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, रानाच्या कडेला आहे. माती तांबडी, पाऊस भरपूर, आणि वाड्या एकमेकींपासून लांब. तेथील एका घरात मागल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस जुळी मुले जन्मली. बाप फोंड्यास नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. घरी सूनबाई आणि तिची सासू. सासूचे गुडघे दुखरे. मूल उचलून लांब चालणे त्या माउलीला जमत नाही. आरोग्य उपकेंद्र दीड किलोमीटरवर. बाळांना चौदा आठवड्यांची लस देण्याची वेळ आली ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात. दोन मुले आणि उचलणारी एकटी! आशाताई दोनदा निरोप देऊन गेली, तरी लस महिनाभर लांबली. त्याच काळात सूनबाई रविवारच्या मिस्सेलाही दिसेनाशी झाली.

मला हे समजले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने धर्मग्रामात वर्गणी गोळा केली. लोकांनी सढळ हाताने दिले. मी बेळगावास जाऊन एका दुकानातून जुळ्यांची गाडी घेतली. दोन आसने शेजारीशेजारी, निळे कापड, चकचकीत दांडा आणि वर टप! दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती एका बोटाने ढकलली तरी सरकत होती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ती घरी पोचविली. टाळ्या झाल्या. मीही मनातून सुखावलो.

पुढच्या रविवारी मिस्सा संपवून बाहेर आलो, तो कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला सूनबाई गाडीपाशी उभी. मी विचारले, "आत का नाही आलीस?" ती मान खाली घालून गप्प राहिली. उत्तर सासूबाईंनी दिले: "फादर, गाडी देखणी हाय खरं, आत येत न्हाई बघा. आमच्या दारातनं बी येत न्हाई. रात्रीची अंगणात ठेवतो, पोतं टाकून."

मी टेप आणून मोजले. गाडीची रुंदी ३० इंच. त्यांच्या घराचे दार २६ इंच. गुरे आत येऊ नयेत म्हणून चर्चच्या कुंपणाला जे लहान फाटक केलेले आहे, त्याच्या दोन खांबांतील अंतर २८ इंच. मोठे फाटक केवळ सणाच्या दिवशी आणि अंत्यविधीच्या वेळी उघडण्याची आमची जुनी रीत, आणि त्याची किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात! ज्या बाईला आत आणण्यासाठी मी गाडी घेतली होती, तिला तीच गाडी तासभर बाहेर उभी करून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींबरोबर उपकेंद्रापर्यंत चाललो आणि गाडी स्वतः ढकलली. वाटेत एका आजोबांनी मला पाहिले आणि ते म्हणाले, "फादर, हिला बाबागाडी कशापायी म्हणतात ते आज कळलं!" मी हसलो खरा, पण त्या दीड किलोमीटरात मला जे कळले ते दुकानात तासभर उभे राहून कळले नव्हते. डांबरी रस्ता संपून तांबडी माती लागली, तोच पुढची लहान चाके खडीत रुतू लागली. चढाला दोन मुलांचे व गाडीचे मिळून ओझे हातांना जाणवू लागले. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा एवढी रुंद गाडी घ्यावी कुठे, हे सुचेना. आणि सर्वांत वाईट म्हणजे आसनांची पाठ पुरती आडवी होत नव्हती. चार महिन्यांची ती बाळे हादऱ्यांनी पुढे कलत आणि त्यांची हनुवटी छातीला टेकत होती.

तेव्हा मनाशी एक गोष्ट पक्की झाली. बाबागाडी दुकानात निवडावयाची नसते, ती वाटेवर निवडावयाची असते. आपण रोज कोठून कोठे चालतो, कोण चालते, हातात काय असते, हे ठरल्यावाचून कोणती गाडी चांगली हा प्रश्नच निरर्थक आहे.

बाबागाडीचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडात १७३३ साली विल्यम केंट ह्या शिल्पज्ञाने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली. ती ओढण्यासाठी बकरी किंवा लहानसे तट्टू जुंपावे अशी तिची रचना होती. ड्यूकच्या विस्तीर्ण उद्यानातून मुलांनी मजेत फिरावे, एवढेच तिचे काम. पुढे सव्वादोनशे वर्षांनी, १९६५ मध्ये, ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. हा गृहस्थ आयुष्यभर विमानांत काम केलेला; 'स्पिटफायर' ह्या लढाऊ विमानाची चाके पंखांत मिटतात त्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. प्रवासाला निघालेल्या लेकीला जड गाडीशी झुंजताना पाहून त्याने ॲल्युमिनियमच्या हलक्या नळ्यांची, तीन किलोहूनही कमी वजनाची गाडी तयार केली. ती आगगाडीत व विमानात नेण्याजोगी होती. त्यानंतर १९८० च्या दशकात अमेरिकेत फिल बेक्लर नावाच्या गृहस्थाला आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन पळावयास जाण्याची हौस. त्याने बाबागाडीला सायकलची मोठी चाके लावली आणि तीन चाकांची, खडबडीत वाटेवर धावणारी गाडी जन्मास आली.

पाहा, तीन माणसे, तीन वाटा आणि तीन गाड्या! ड्यूकची गाडी प्रवासाला निरुपयोगी आणि मॅक्लारेनची गाडी रानवाटेला निरुपयोगी. पण ज्या वाटेसाठी जी केली, त्या वाटेवर ती उत्तमच होती.

तर मग आपली वाट ओळखावी कशी? माझी सूचना अशी की, गाडी घेण्यापूर्वी सात दिवस एक वही ठेवावी. बाळाला घेऊन ज्या ज्या ठिकाणी जाणे झाले ते तिच्यात लिहावे: अंगणवाडी, दुकान, माहेर, उपकेंद्र, चर्च, बसथांबा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात. अंतर किती, वाट कसली, पायऱ्या किती, आणि परतताना हातात ओझे कोणते. आठवडा संपला म्हणजे आपोआप दिसून येईल की, पाच दिवस आपण मातीच्या वाटेने चालतो आणि पंधरवड्यातून एकदाच बसने शहरात जातो. किंवा याच्या अगदी उलट. जी वाट रोजची, तिच्यासाठी गाडी घ्यावी. एका दिवसाच्या शहरातील मिरवण्यासाठी घेऊ नये.

आता एकेक बाब पाहू.

पहिली बाब चाकांची. सिमेंटचा किंवा डांबरी रस्ता असेल तर लहान चाके पुरेशी होतात आणि गाडीही हलकी राहते. परंतु माती, खडी, जांभ्याचे उंचवटे असतील तेथे चाक मोठेच हवे. ह्यात गणित आहे. ६ इंच व्यासाचे चाक १ इंच उंचीच्या दगडाला अडले, तर त्याला वर चढवावयास जो जोर लागतो, तो १२ इंच व्यासाच्या चाकाला लागणाऱ्या जोराच्या सुमारे पावणेदोन पट असतो. बैलगाडीची चाके आपल्या वाडवडिलांनी एवढी मोठी का केली, हे ह्यावरून ध्यानात येईल. पुढची चाके चोहोकडे फिरणारी असली म्हणजे वळणे सोपी जातात. मात्र खडीत तीच चाके आडवी होऊन रुततात. म्हणून ती सरळ ठेवून पक्की करता येतील अशी कळ आहे की नाही, हे पाहावे. हवा भरलेल्या टायरांना हादरे कमी बसतात, पण आपल्याकडे वाटेवर बाभळीचे काटे पडलेले असतात. गावात पंक्चर काढणारा नसेल तर भरीव रबराचे चाक अधिक विश्वासाचे.

दुसरी बाब रुंदीची. माझी फजिती आठवून टेप हाती घ्यावी आणि घरातील सर्वांत अरुंद दार, अंगणाची कवाडी आणि नेहमी जावे लागते तेथील फाटक मोजावे. गाडीच्या दोन्ही बाजूंस निदान एकेक इंच मोकळा राहिला पाहिजे, नाहीतर दांड्यावरची बोटे चौकटीला ठेचतात. मिटल्यावर गाडी कोठे ठेवणार, तेही आधीच ठरवावे. अंगणात दवात राहिलेली गाडी लवकर गंजते.

तिसरी बाब वजनाची. वर्षाचे मूल साधारणपणे नऊ-दहा किलोंचे असते. गाडी बारा किलोंची असेल तर पायऱ्यांवर एकूण एकवीस-बावीस किलो उचलावे लागतात. ज्या घरी पायऱ्या पुष्कळ आहेत, किंवा ज्यांना वरचेवर एस. टी.ने अगर परिवहनाच्या बसने जावे लागते, त्यांनी हलकी आणि एका हाताने मिटणारी गाडीच पाहावी. बस आली की दुसऱ्या हातात बाळ असणार, हे दुकानदार आपणांस सांगत नाही. तेव्हा दुकानातच बाळाला कडेवर घेऊन, एका हाताने गाडी मिटवून आणि उघडून पाहावी. लाज बाळगू नये.

चौथी बाब ढकलणाऱ्याची. गाडी बाळाची खरी, पण तिच्याशी अधिक संबंध येतो तो ढकलणाऱ्याच्या पाठीचा. हात दांड्यावर ठेवला असता कोपर किंचित वाकलेले आणि पाठ ताठ राहिली पाहिजे. दांडा खाली असेल तर उंच माणूस वाकून चालतो आणि त्याचे पाऊल मागच्या आसाला आपटते. आपल्या घरांतून बाळाला फिरवितात ती आई, आजी, आत्या, आणि वडील घरी असले तर वडीलही. अशा वेळी दांडा वरखाली करता येणारी गाडी घ्यावी. आणि ती घेण्यापूर्वी रोज ढकलणारीलाच ती ढकलून पाहू द्यावी. पैसे देणारा एक, पसंत करणारा दुसरा आणि ढकलणारी तिसरी, असा आपल्याकडे प्रकार फार. माझ्या हातून झालेली खरी चूक हीच.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची बाब बाळाच्या सुखरूपतेची. सुमारे सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे मान व पाठ सावरेपर्यंत, बाळाला गाडीत आडवेच निजवावे. ज्या आसनाची पाठ पुरती आडवी होत नाही ते तान्ह्यासाठी नव्हे, कारण मान पुढे पडली तर श्वासाला अडथळा होतो. खांद्यांवरून दोन, कमरेला दोन आणि पायांमधून एक असे पाच पट्टे असावेत व ते प्रत्येक वेळी बांधावेत. 'इथल्या इथे तर जायचे' म्हणून सोडू नयेत. उभी केली की ब्रेक लावावा, आणि तो खरोखर लागतो की नाही हे उतारावर तपासावे. दांड्याला पिशवी अडकविण्याचा मोह मोठा असतो. परंतु बाळाला उचलले की मागच्या ओझ्याने गाडी उलटते, किंवा बाळ आत असतानाही उलटते. सामान आसनाखालच्या जाळीत, खालच्या अंगास ठेवावे.

उन्हाळ्यात कित्येक आया गाडीवर पातळ दुपटे टाकतात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो, कारण आतील हवा कोंडते व तापते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरड्या पातळ कापडाने झाकलेल्या गाडीत उष्णता सुमारे अडीच अंशांनी वाढलेली आढळली. त्यापेक्षा टप पुढे ओढावा, वारा खेळता ठेवावा, आणि भर दुपारी बाळाला बाहेरच काढू नये.

येथे दोन शब्द चाकांच्या त्या गोल खुर्चीविषयी, जिला 'वॉकर' म्हणतात. पुष्कळ घरी बाबागाडीबरोबर तीही भेट येते. तिच्यात बसलेले मूल क्षणार्धात उंबरठ्यापाशी, पायरीपाशी किंवा चुलीपाशी पोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तरीही तो मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच द्यावा.

दुसरी एक जपण्याची गोष्ट. गाडी सोयीची झाली की मूल दिवसभर तिच्यातच राहू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात पाच वर्षांखालील मुलांना गाडीत वा पाठीशी बांधून एका वेळी तासाभराहून अधिक ठेवू नये, असे सांगितले आहे. गाडी ही वाट सरण्यासाठी आहे. मुक्काम आला की बाळाला चटईवर सोडावे, रांगू द्यावे, मातीत खेळू द्यावे.

आता कुणी म्हणेल, 'आमची वाट म्हणजे शेताच्या बांधावरची पाऊलवाट. आम्ही काय करावे?' त्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की, त्यांनी बाबागाडी घेऊच नये. एकापाठोपाठ एक चालावे लागते अशा वाटेवर कोणतीही गाडी उपयोगाची नाही. तेथे अंगाशी बांधलेले मजबूत कापड किंवा शिवलेली झोळी हेच वाहन. मात्र त्यात बाळाचे तोंड आपल्याला सतत दिसावे, नाक कापडात वा आपल्या अंगात दबू नये, आणि हनुवटी छातीला टेकू नये. आपल्या आज्यांनी जे केले ते दारिद्र्यामुळेच केले असे समजू नये; त्यांनी वाट ओळखली होती.

काळाचाही विचार करावा. आपल्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर गाडी बाहेर काढण्याची सोय नसते. मे-जूनमध्ये जन्मलेल्या बाळासाठी पावसाळ्याच्या तोंडावर घाईने गाडी घेतली तर ती चार महिने घरात गंजत राहते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबावे. वाटा सुकतात, आणि बाळ किती वाढले आहे हेही कळते. आणि गाडी नवीच हवी असे कोठे आहे? ती दोन-अडीच वर्षे वापरावयाची वस्तू. शेजारच्या घरी चांदर पांघरून उभी असेल तर मोकळेपणाने मागावी, आणि मागितली तर मोकळेपणाने द्यावी. घेताना ब्रेक, पट्ट्यांची बक्कले, मिटण्याची कळ आणि चाकांचे नट तपासावेत. मग आसनावर दहा किलो तांदळाची पिशवी बांधून आपल्याच उंबरठ्यावरून, आपल्याच वाटेने गाडी एकदा नेऊन आणावी. तांदूळ सुखरूप परतले तर बाळाचा विचार करावा.

आता त्या जुळ्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. ती रुंद गाडी बेळगावातील एका कुटुंबाने विकत घेतली. त्यांच्याकडे रुंद दार, सपाट अंगण आणि जुळ्या मुली होत्या. आलेले पैसे मी सूनबाईपुढे ठेवले आणि ह्या वेळी निवड तिच्यावर सोपविली. मला वाटले होते, ती जुळ्यांचीच, पण एकामागे एक आसने असलेली गाडी मागेल. तिने मागितली एकाच बाळाची! ती म्हणाली, "दोघांना एकटीनं घेऊन मी कुठंच जात नाही, फादर. आत्याबाई संगती असतातच. त्यांना मूल उचलवत नाही, खरं गाडी ढकलवते. एक गाडीत, एक माझ्या अंगाशी." किती सरळ हिशेब! पहिल्याच दिवशी तिला विचारले असते तर हा सारा व्याप झालाच नसता. नोव्हेंबरात तिने स्वतः जाऊन, आत्याबाईंना दांडा धरावयास लावून, २२ इंच रुंदीची, मध्यम वजनाची आणि बऱ्यापैकी मोठ्या चाकांची गाडी आणली. तिचा रंग करडा आहे. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. फेब्रुवारीत नऊ महिन्यांची गोवराची लस दोन्ही बाळांना ठरल्या दिवशी मिळाली.

परंतु ह्या प्रकरणाने मला आणखी एक धडा दिला. गाडी वाटेप्रमाणे घ्यावी हे खरे, पण काही वाटा अशा असतात की त्या आपल्याच हातात असतात. त्या मात्र गाडीप्रमाणे कराव्यात. मी खणातील किल्ली काढली, आणि आता दर रविवारी मोठे फाटक उघडे असते. गुरे येतील म्हणून दोन मुले आळीपाळीने राखण करतात. बाजूच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, एकूण एक फूट उंचीच्या. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे माप असे की, एक फूट चढाला बारा फूट लांबी असावी. गावातील गवंड्यांनी दोन शनिवार खपून जांभ्याच्या चिऱ्यांचा तसा उतार बांधून दिला.

उतार झाला त्यानंतरच्या रविवारी करडी गाडी त्यावरून आत आली. तिच्यामागून आणखी एक चाकांची खुर्ची आली. तिच्यात एक आजी होत्या. गेली सहा वर्षे मी त्यांना दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देत असे. त्या चर्चला का येत नाहीत, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते. त्यांना चालवत नाही हे मला ठाऊक होते, आणि तेवढे ठाऊक असणे मला पुरेसे वाटत होते. त्या आजींनी चर्चमध्ये आल्यावर भिंतीवरून हात फिरविला आणि नातवाला विचारले, "रंग कधी दिला रे?"

वाचकहो, आपल्या घरी पाळणा हलणार असेल तर गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी आपली वाट एकदा पायांखालून घाला. टेप बरोबर ठेवा. आणि जी रोज ढकलणार आहे, तिला आधी विचारा.

आपला,
धर्मगुरू